मेण वलं हाय

जो माणूस आपल्या वस्तू जपतो, तो माणसंही जपतो. हे वाक्य मी बरीच वर्षं खरं मानत आलो. एकदा एका सत्कार समारंभात भाषणातही वापरलं, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या रांगेतल्या खुर्च्या नव्या होत्या आणि त्यांच्यावरची प्लास्टिकची वेष्टणं कुणी काढली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर मान्यवर उठले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीमागून चिकटलेलं काहीतरी सुटल्याचा आवाज आला. मला शंका तेव्हाच यायला हवी होती.

परवा कोजागिरी झाली. साताऱ्यात कोजागिरीनंतर हवा बदलते ती एखाद्या कारकुनाने फाइल बदलावी तशी, न सांगता. सकाळी किल्ल्याच्या अंगावर धुक्याचा पट्टा दिसतो, पंखा एकच्या आकड्यावर येतो, ओठ ओढल्यासारखे होतात. आणि आमच्या सोसायटीच्या आवारात पॉलिशचा वास सुटतो. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आपली गाडी धुतात, पुसतात, मग एका चपट्या डब्यातून बोटभर मेण काढून बॉनेटवर गोल गोल फिरवत बसतात. थंडीआधी एक हात दिला की रंग टिकतो, असं त्यांचं म्हणणं. गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते. तीही पॉलिशचा डबा आणायला, असा माझा संशय आहे.

तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मेण, टर्पेंटाइन आणि त्यात मिसळलेला ओल्या पत्र्याचा वास. लोकांना मातीचा वास आला की बालपण आठवतं, मोगऱ्याचा आला की आणखी काही आठवतं. मला या वासाने माझ्या बहिणीच्या टाचा आठवतात.

माझी थोरली बहीण, आक्का, सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी त्यांनी बर्फाच्या मुलखात लष्करी ट्रक चालवण्यात आणि पुढे चालवून घेण्यात काढली. तिकडे रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आत प्रत्येक गाडी धुवायची, पुसायची आणि तिला मेण लावायचं, हा तिथला नियम. नियम चांगला आहे. बर्फाच्या मुलखात मीही तो पाळला असता.

दाजी पेन्शनीत आले आणि त्यांनी ऊस वाहायला एक दहा टायरी ट्रक घेतला. त्याच्याबरोबर तो नियमही गावात आणला. गावात बर्फ पडत नाही. कडाक्याच्या थंडीत फार तर कुत्री उन्हात झोपतात. पण दाजींना त्याने फरक पडत नव्हता. कोजागिरी ते दिवाळी या काळात ते ज्याला 'विंटर ड्रिल' म्हणत, ते पार पडल्याशिवाय ट्रक उसाच्या फडात जात नसे. कुणी हसलं तर ते शांतपणे सांगत, "कारखाना सुरू झाला की राख उडती. राखंवर दव पडतं. दोन्ही मिळून रंग खात्यात." यातलं सगळं खरं होतं. हंगाम सुरू झाला की त्या गावात दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या पापडांवर आणि म्हाताऱ्यांच्या टकलांवर काळी मऊ काजळी बसते. पण काजळीपासून पापड वाचवायला दाजींनी कधी काही केल्याचं मला आठवत नाही.

ट्रक हळदीच्या रंगाचा होता. सांगलीच्या बाजारात हळदीच्या ढिगाशेजारी उभा केला असता तर ओळखू आला नसता, इतका. इतरांच्या ट्रकवर आईवडिलांचे आशीर्वाद, गावदेवीची कृपा, मुलामुलींची नावं आणि लिंबू-मिरची असते. दाजींच्या ट्रकच्या कपाळावर एकच शब्द रंगवलेला होता : शिस्त. मागच्या फाळक्यावरही तोच. त्यामुळे मागून येणाऱ्याला आणि पुढून येणाऱ्याला सारखाच उपदेश मिळे.

मला जो हंगाम आठवतो, तो काही वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला मी नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच आक्काकडे गेलो आणि ड्रिलच्या ऐन मध्यात सापडलो.

नदीवर जाणं हा पहिला भाग. गावाजवळ नदीत उतरायला जुना उतार आहे. पूर्वी तिथून बैलगाड्या पलीकडे जात. पूल झाल्यापासून तिथे फक्त ट्रक आणि ट्रॅक्टर आंघोळीला येतात. रस्त्यावर धुण्याची केंद्रं झाली आहेत, यंत्राने फवारा मारतात. पण फवाऱ्याने रंगाचा पापुद्रा सुटतो यावर दाजींची श्रद्धा. तेव्हा सकाळी ट्रक अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभा, वर केबिनच्या टपावर माझा भाचा सुहास, हातात खराटा आणि बादली, आणि काठावर दगडावर बसून दाजी हुकूम देताहेत.

कृष्णामाईचं वर्णन करायची आमच्याकडे फार हौस आहे. संथ वाहते वगैरे. त्या सकाळी ती खरंच संथ वाहत होती, कारण तिच्या अंगावर कपड्याच्या पावडरीचा साबणी फेस इतका साचला होता की तिला हलायला जड जात असावं. फेसाच्या कडेने डिझेलचे इंद्रधनुष्यी पट्टे. आमच्याखेरीज आणखी काही ट्रक. चेसिसखालून सुटलेला काळा ग्रीस गोळ्यागोळ्यांनी तरंगत खाली चाललेला, आणि खाली, हाकेच्या अंतरावर, बायका धुणं धूत होत्या. त्यांच्याही खाली गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर. तिच्यावर 'पाणी हेच जीवन' असं लिहिलेलं होतं, आणि अक्षरांना रंग चांगला होता.

मी एवढंच म्हणालो की, हे पाणी पुढे गाव पितं.

"वाहतं पाणी हाय, मेव्हणं," दाजी म्हणाले. "वाहत्या पाण्याला इटाळ नसतो." आणि मग वर सुहासला, "टपाची बाजू ऱ्हायली. डावी. तुझी डावी न्हवं, गाडीची डावी."

सुहास तेव्हा तेहतिशीचा होता. पदवी झालेला, सरळ, कमी बोलणारा. ट्रक तोच चालवायचा. आमच्या भागात आता अशा मुलांना मुली मिळत नाहीत. पूर्वी मुलीचा बाप मुलाची जमीन बघायचा. आता जमीन तर हवीच, पण मुलाने तिच्यात पाऊल टाकता कामा नये. पाहिलेल्या मुली नाही म्हणाल्या होत्या, काहींनी तर न पाहताच. गावात प्रत्येक आळीत असे चार-पाच तिशी ओलांडलेले तरुण दाढी कोरून बसलेले असतात आणि दुसऱ्यांच्या वरातीत नाचतात. त्या नाचात एक प्रकारचा राग असतो, नीट बघितलं तर दिसतो.

त्या वर्षी मात्र एक स्थळ जमण्याच्या बेतात होतं. मुलगी फलटणकडची, नाव प्राजक्ता, साताऱ्यात एका दवाखान्यात परिचारिका. ओळखीतून मीच ते स्थळ सुचवलं होतं. फोटो, पत्रिका, फोनवरचं बोलणं झालं होतं. तिला साताऱ्यातली नोकरी सोडायची नव्हती, सांगलीकडे बदली बघीन म्हणाली होती, आणि ट्रक चालवणाऱ्याला तिने न बघताच नकार दिलेला नव्हता. एवढ्यावर आक्काने देवीला साडी कबूल केली होती. आता त्या रविवारी मुलगी आणि तिचे आईवडील घर बघायला येणार होते.

घर बघणं हे आपल्याकडचं एक मोठं नाटक आहे. घर बघायला येणार म्हटलं की घरातलं जे नेहमी दिसतं ते झाकतात आणि जे नेहमी झाकलेलं असतं ते काढतात. काचेच्या कपाटातले कप त्या दिवशी खाली येतात. चटया बदलतात, म्हातारे बदलता येत नाहीत म्हणून त्यांना आंघोळ घालतात. दाजींच्या मते मात्र हे सगळं दुय्यम होतं. घर रस्त्यापासून आत आहे. पाहुण्यांची पहिली नजर अंगणातल्या ट्रकवर पडणार. "गाडी बघून माणूस कळतो," ते म्हणाले. हे वाक्य माझ्या भाषणातल्या वाक्याचं सख्खं भावंड होतं, हे माझ्या लक्षात आलं.

धुण्यानंतर मेण. विकतचं पॉलिश दाजींना चालत नसे. त्यात पाणी घालतात म्हणे. ते शहरातून मेणाची लादी आणि टर्पेंटाइन आणत, त्यात खोबरेल घालत आणि सगळं मंद आचेवर पातळ करत. मंद आच म्हणजे आक्काची मागच्या पडवीतली चूल. त्या दिवशी चुलीच्या एका तोंडावर पाहुण्यांसाठी पुरण शिजत होतं आणि दुसऱ्यावर ट्रकचा लेप. घरभर एक गोड, जड, तेलकट वास भरला. तो पुरणात शिरला, भातात शिरला, माझ्या सदऱ्यात शिरला. जेवताना वाटत होतं की आपण ट्रकच चावतो आहोत.

आक्काच्या टाचांना थंडीत भेगा पडतात. नुसत्या रेघा नव्हेत. उभ्या, खोल, आत लाल दिसणाऱ्या भेगा. चालताना ती पाऊल बाहेरच्या कडेवर टाकते. आमची आई अशा वेळी तेलात मेण कढवून भेगांत भरायची आणि वर जुन्या धोतराची चिंधी बांधायची. त्या चुलीवरच्या पातेल्यात जे कढत होतं ते जवळजवळ तेच होतं. आक्का ते ढवळत होती. तिच्या टाचेपासून पातेलं हातभर लांब होतं, आणि ते कुठे जाणार हे ठरलेलं होतं.

मग कापडाचा प्रश्न आला. मेण चढवायला कापड मऊ लागतं. सुहासने आपला जुना बनियन काढून दिला. दाजींनी तो बोटांत चोळून बघितला आणि 'यात नायलॉन हाय, वरखडं पडतील' म्हणून परत केला. ते आत गेले आणि ट्रंकेतून एक साडी घेऊन आले. सुती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, जांभळ्या काठाची. ती आमच्या आईची होती. आईच्या मागे तिच्या चार साड्या आक्काने आणल्या होत्या आणि तीन वापरून संपल्या होत्या. ही तिने सुहासच्या पहिल्या बाळाच्या गोधडीसाठी राखून ठेवली होती.

आक्का पातेल्यापाशी बसूनच म्हणाली, "आवं, ती नगा घेऊ."

"आगं, पोराचं लगीन ठरलं तरच गोधडी लागणार न्हवं?" दाजी म्हणाले. त्यांना हे अगदी बिनतोड वाटलं. त्यांनी साडी मध्ये फाडली. सुती कापड फाटतं तेव्हा त्याचा आवाज बराच वेळ चालतो.

मी त्या माणसाला दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणसाला निदान समोरचा दिसत असतो. दाजी तो तुकडा मेणात बुडवून, एका गुडघ्यावर बसून, केबिनच्या दारावर लहान लहान गोल काढत होते. ओठ थोडे विलग, श्वास रोखलेला, एका गोलात दुसरा गोल अर्धा मिसळत. इतक्या हळुवारपणे त्यांनी कधी कुणाला हात लावल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. तापात असलेल्या सुहासला नाही, आक्काला तर नाहीच. एखाद्या माणसाच्या हातात एवढी माया आहे हे कळावं आणि ती कुठे खर्च होते हेही त्याच क्षणी कळावं, यासारखी किळस दुसरी नाही. दुपारच्या उन्हात ट्रक असा चमकायला लागला की त्याच्याकडे बघवेना. मलाही बघवत नव्हतंच.

इथे जरा थांबून सांगायला हवं की हे काही एकट्या दाजींचं नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा रिमोट अजून विकत घेतला त्या प्लास्टिकमध्ये आहे. बटणावरचे आकडे दिसत नाहीत म्हणून ते अंदाजाने दाबतात. माझ्या एका साडूने नव्या सोफ्यावर चादर घातली, चादर मळू नये म्हणून तिच्यावर टॉवेल घातला, आणि पाहुणा आला की त्याला खुर्ची देतो. गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा पहिली मोळी टाकायला पुढारी येतात. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना चिकटू नये म्हणून ती मोळी आधी पुसून ठेवतात. पुसलेला ऊस. हा मी डोळ्यांनी पाहिला आहे. आपण काय जपतो आहोत हे बघितलं तर वस्तू दिसतात. कुणापासून जपतो आहोत हे बघितलं तर माणसं दिसतात.

रविवारी पाहुणे आले. दव पडून गेल्यावर, ऊन कोवळं असताना. प्राजक्ताचे वडील फलटणकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. बारीक, ठेंगणे, बोलके. उभी हयात बॉयलरपुढे गेल्यामुळे त्यांच्या तळहाताच्या रेघांत काळं कायमचं बसलेलं होतं, ज्योतिषाला सोयीचं. दाजी इस्त्रीच्या कपड्यांत ट्रकपाशीच उभे राहून स्वागताला होते. खांद्यावर साडीचा तुकडा होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी मेणाचा आणखी एक हात दिला होता आणि रात्रीच्या गारठ्याने तो नीट सुकला नव्हता.

प्राजक्ताच्या आईने सावली बघून ट्रकच्या पायरीवर टेकायचं केलं, तर दाजी म्हणाले, "तितं नगं वैनी, मेण वलं हाय." ती ओशाळून उभी राहिली. खुर्ची यायला वेळ लागला, कारण चांगल्या खुर्च्या आत कापडाखाली होत्या.

वडिलांनी ट्रकला एक फेरी मारली. "शिस्त," त्यांनी मोठ्याने वाचलं. "झकास ठेवलीया की गाडी, सुभेदार. आवं, ह्या रंगावर आमच्या बॉयलरची राख बसायला बी लाजंल." आणि हसत हसत, बाजारात खोंड पसंत पडला की त्याच्या पाठीवर थाप मारतात तशी, त्यांनी केबिनच्या दारावर थाप मारली. दोनदा.

दारावर हात उमटला. पाच बोटं, तळवा, अगदी रेघांसकट.

दाजींनी खांद्यावरचा तुकडा काढला आणि ती जागा पुसली. बोलणं मध्ये न थांबवता. ते त्या वेळी पाहुण्यांना गाडीचं मायलेज सांगत होते. लहान लहान गोल, बाहेरून आत. एक बोट राहिलं होतं, करंगळीचं. त्यावर त्यांनी तोंडाची वाफ सोडली आणि तेही घालवलं. मग जरा मागे सरून तिरक्या नजरेने बघितलं आणि त्यांचं समाधान झालं.

पाहुण्याचा हात लागलेली जागा पुसणे याला आपल्याकडे फार जुना आणि फार घाणेरडा अर्थ आहे. दोन्ही घरं एकाच जातीची, पत्रिका जुळलेल्या, तेव्हा तो अर्थ इथे लागू नव्हता. पण अर्थ लागू आहे की नाही हे हात विचारत बसत नाही. प्राजक्ताच्या वडिलांनी तो हात खिशात घातला. पुढे सगळा वेळ ते हसत-बोलत होते, पण चहा आला तेव्हा त्यांनी कप डाव्या हाताने घेतला. आमच्याकडे डाव्या हाताने काही घेत नाहीत. दाजींच्या ते लक्षात आलं नाही. प्राजक्ताच्या आलं. ती वडिलांच्या खिशाकडे बघत होती.

ती उंच होती, आवाज खालचा, आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांची बघण्याची एक सवय असते ती तिला होती : चेहऱ्याआधी ती चाल बघते. पाणी प्यायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी दारातच होतो. आक्का कडेवर पाऊल टाकत हंड्याकडे गेली.

"मावशी, टाचा दाखवा बरं," ती म्हणाली.

आक्काने निऱ्या खाली ओढून पाय झाकले, कुणी भलतंच काही मागितल्यासारखे. म्हणाली थंडीचं हाय, व्हतंच. त्यावर काय लावता, असं प्राजक्ताने विचारलं.

"मेण लावत्यात की," आक्का म्हणाली. "पर आवंदा मेण भाईर हाय."

आक्काने हे चेष्टेत म्हटलं होतं. ती अशीच बोलते. मला हसू आलं. प्राजक्ता हसली नाही. तिने खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकीत हळदीचा रंग मावत नव्हता.

मग मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं. दोघं बराच वेळ वर होती. खाली आल्यावर सुहासचा चेहरा मी पाहिला आणि मला त्याच्याबद्दल भीती वाटली. इतका उघडा चेहरा बरा नसतो. नंतर त्याने मला सांगितलं की तिने विचारलं, तुम्हाला ट्रक आवडतो का. आतापर्यंतच्या सगळ्या मुलींनी ट्रक किती मिळवतो ते विचारलं होतं. तो म्हणाला, नाही आवडत. तेव्हा ती हसली म्हणे. "मामा, मला वाटतंय जमंल," तो म्हणाला. त्या वर्षात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल.

पाहुणे गेले. दाजींनी त्यांची गाडी वळणाआड होईपर्यंत हात हलवला आणि मग ट्रकच्या दुसऱ्या बाजूला कुणाचा काही हात लागला आहे का ते बघितलं.

उत्तर माझ्याकडे आलं, कारण स्थळ माझ्याकडून गेलं होतं. आधी वडील बोलले. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण पोरीचं मन होईना, वाईट वाटून घेऊ नका. मी कारण विचारलं नाही. पण तिने त्यांच्याकडून फोन घेतला.

"काका, सुहास चांगले आहेत," ती म्हणाली. "पण माझ्या वडिलांचा हात लागला तर त्यांनी पुसून काढला. मला तर तिथं रोज हात लावावा लागणार."

 मी बरं म्हणालो.

दाजींना हे सांगायला मी मुद्दाम गेलो, फोनवर सांगणं बरं वाटेना. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ते चिडतील, किंवा मुलीकडच्यांना नावं ठेवतील, किंवा निदान खाली बघतील. ते खरोखर गोंधळले होते. म्हणाले, "पर मेण वलं हुतं, मेव्हणं. वल्या मेणावरचा हात तसाच वाळला तर डाग कायमचा बसतो. त्यास्नी ह्ये सांगितलं न्हाई व्हय तुमी?" मी सांगितलं नाही म्हटल्यावर त्यांना माझा रागच आला. सगळी गफलत माहिती न पोचल्यामुळे झाली, अशी त्यांची खात्री होती. ती माहिती पोचवा म्हणून त्यांनी इतका आग्रह धरला की मी तिथूनच फोन लावला. प्राजक्ताच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हय, समजलं. मेण वलं हुतं. आमचं काय म्हणणं न्हाई त्याबद्दल." आणि सुभेदारांना नमस्कार सांगा म्हणाले.

"बघा, समजलं त्यास्नी," दाजी म्हणाले. नकार तसाच राहिला, याची मात्र त्यांना संगती लागेना.

सुहास फडात होता. मी त्याला तिथेच जाऊन सांगितलं. ऊस भरणं चाललं होतं. पाचटीचा चुरा उडत होता, आणि वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, करकरीत पाती ट्रकच्या अंगावर घासत होती. एवढ्या निगुतीने चढवलेल्या मेणावर बघता बघता उभ्या-आडव्या रेघा उठल्या. त्याने सगळं ऐकलं. बरं म्हणाला. मग फाळका लावला, वर चढला आणि कारखान्याकडे गेला. त्याचं बरं आणि माझं बरं यांत फरक होता, तो मी इथे लिहीत बसत नाही.

तो हिवाळा मला सकाळच्या एकाच दृश्याने आठवतो. मधूनमधून मी जात असे. धुक्यात कारखान्याचा भोंगा, मळीचा आंबूस वास, अंगणात दवाने निथळणारा ट्रक, त्याच्यावर रात्रभरात बसलेली काजळी, आणि कानटोपी घालून ती पुसणारे दाजी. हातात आईच्या साडीचा तुकडा, आता काळा. उरलेली अर्धी साडी आक्काने धुऊन उन्हात टाकली होती, पुन्हा धुतली, पुन्हा टाकली. टर्पेंटाइनचा वास गेला नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली अशी गोधडी घालता येत नाही, हे तिने मला समजावून सांगितलं, जणू बाळ आत पाळण्यात होतं.

संक्रांतीला सुहासने सांगितलं की त्याने साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी धरली आहे. हंगाम संपला की जाणार. दाजींनी विचारलं, मग गाडी कोण चालवणार?

"तिला चालवायची काय गरज हाय?" सुहास म्हणाला. "तुमी पुसताय की."

दाजींनी तिळगूळ तोंडात टाकला आणि चावून संपवला. मग म्हणाले की परका ड्रायव्हर रंगाची काळजी घेत नसतो.

सुहास आता साताऱ्यात माझ्यापासून जवळच खोली घेऊन राहतो. कंपनीत माल उचलायची गाडी चालवतो. ती दिवसभर कुठे ना कुठे धडकते आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. रविवारी तो कधी कधी आमच्याकडे जेवायला येतो. प्राजक्ताचं पुढच्याच मोसमात लग्न झालं, सांगलीकडेच. हे त्याला माहीत आहे आणि मी त्याला सांगितलेलं नाही. परवा तो आला तेव्हा खाली इंजिनिअर गाडीला मेण लावत होते. त्यांनी सुहासला हौसेने दाखवलं, बघा, आरशासारखी झाली की नाही. तो हात मागे बांधून बघत उभा राहिला. म्हणाला, छान आहे. वर येऊन त्याने खिडकी लावून घेतली.

ट्रकला ड्रायव्हर मिळाले आणि गेले. एकजण दारावर कोपर टेकवायचा म्हणून, दुसरा केबिनमध्ये तंबाखू खायचा म्हणून. शेवटी तो अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला, आणि दाजी दर कोजागिरीनंतर ताडपत्री काढून त्याला मेण लावत राहिले, थरावर थर, बर्फ न पडणाऱ्या गावात. गेल्या वर्षी म्हसवडकडच्या एका माणसाने तो घेतला. त्याला हौदा काढून पाण्याचा टँकर करायचा होता, आणि रंग पांढरा हवा होता. रंगाऱ्याने सांगितलं की मेण बसलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही. आधीचा सगळा पत्र्यापर्यंत खरवडून काढावा लागतो. तो त्यांनी काढला.